लोला तिकाचं घर

बिर्थे आणि येन्स आमच्याकडे आले तेव्हा वादळाला चार वर्षं होऊन गेली होती. नवराबायको दोघंही साठीच्या पुढचे, डेन्मार्कचे. येन्सनं जन्मभर जंगलखात्यात नोकरी केलेली, बिर्थे एका वृद्धाश्रमात परिचारिका. तिच्याबरोबर काम करणारी एक मुलगी फिलिपिन्समधल्या आमच्या समार बेटावरची. तिच्या तोंडून आमच्या गावाबद्दल ऐकून ही दोघं आपण होऊन सहा महिन्यांसाठी आली. समुद्रानं जुनं गाव धुऊन नेलं, तिथं आता घरं बांधायला बंदी होती. त्या जागी कांदळाची झाडं लावायची, म्हणजे पुढच्या वेळी लाटा थोड्या तरी अडतील, असं ठरलं होतं. टेकडीवरच्या नव्या वस्तीत आमच्या घराला एक जास्तीची खोली होती, म्हणून ती दोघं आमच्याकडे राहिली.

दुकानवाली मानांग पुरिंग, वयानं मोठी म्हणून आम्ही सगळ्या तिला ताईसारखं मानांग म्हणतो, पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बघ फोरा, आपल्या पोरी यांच्या देशात म्हाताऱ्यांना पुसायला जातात, आणि तिकडचे म्हातारे आपल्या चिखलात लोळायला येतात." मी ते बिर्थेला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिथून आमचं जमलं.

ओहोटी लागली की ती दोघं, माझा नवरा तेरियो आणि वस्तीतली आणखी आठदहा माणसं खाली जात. कांदळाच्या लांब शेंगा हातभर अंतरावर चिखलात खोचायच्या, एवढंच काम. पण कंबर मोडायची. मी मात्र कधी गेले नाही. स्वयंपाक आहे, मुलींची शाळा आहे, असं काहीतरी सांगायची. कुणी जोरही करत नसे. त्या चिखलात प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतं.

आमची होती माझी सासू, लोला तिका; लोला म्हणजे आजी. तिचं प्रेत मिळालं नाही. शेवटपर्यंत ती घर सोडायला तयार झाली नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मृतांच्या दिवशी पाद्री दरवर्षी तिचं नाव घ्यायचे, आपल्या घराला न सोडणारी बाई म्हणून. तेरियो मान खाली घालून ऐकायचा. मीही.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी बिर्थे अंगणात पायाचा चिखल धुता धुता म्हणाली, "फोरा, ती लहानखुरी म्हातारी कोण गं? त्या तुटक्या सिमेंटच्या पायऱ्या आहेत ना, तिथं उभी असते. एकटीच."

"असेल कुणीतरी. शिंपले वेचायला येतात बायका."

"टोपली नसते हातात. पांढरे केस, अगदी कानापाशी कापलेले. आणि कुणी कापलेत कोण जाणे, एका बाजूला वर, एका बाजूला खाली."

ते केस मी कापले होते. वादळाच्या आदल्या आठवड्यात, उवा झाल्या म्हणून. कात्री बोथट होती आणि ती मान स्थिर ठेवत नव्हती.

मी तांदूळ धूत होते. धूतच राहिले.

"बोलते का काही?"

"एकच शब्द. पुन्हा पुन्हा तोच. अब्रिही. म्हणजे काय?"

अब्रिही म्हणजे उघड.

"म्हणजे या," मी म्हणाले. "या, बसा, असं."

"किती छान," बिर्थे म्हणाली.

येन्सला यातलं काही पटत नव्हतं. "मी तिच्या शेजारीच असतो. तिथं कुणीही नसतं," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. त्याला वाटलं ऊन बाधलं. तो तिला रुंद टोपी घालायला लावायचा, दर तासाला मीठसाखरेचं पाणी पाजायचा. ती निमूट प्यायची आणि पुन्हा पायऱ्यांकडे बघायची.

दोन दिवसांनी जेवताना बिर्थेचं ताटात लक्ष नव्हतं. "मी आज तिला उलट तेच म्हटलं," ती म्हणाली. "हात पुढे करून, अब्रिही, अब्रिही. ती रडायला लागली. लहान मुलासारखी. माझं काही चुकलं का?"

तेरियो माशाचे काटे काढत होता. "कुणाला म्हणालात, मॅम? अब्रिही म्हणजे उघड. दार उघड."

"पण फोरा तर..." बिर्थेनं माझ्याकडे बघितलं आणि थांबली. मग तिनं ताट पुढे ओढलं. "माझीच गफलत झाली. शब्द पाठ करत होते, उलटसुलट झाले."

तिनं मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिच्याबरोबर निघाले. चार वर्षांत पहिल्यांदा ती उतरण उतरले. विहिरीचं कडं तेवढं ओळखू आलं, बाकी सगळं सपाट. आमच्या तीन पायऱ्या होत्या, त्यांच्यावर शिंपल्यांचे थर चढलेले.

"आहे?" मी विचारलं.

"आहे. तुझ्याकडेच बघतेय."

मला चिखल दिसत होता आणि खेकड्यांची बिळं. त्या रिकाम्या जागेसमोर मी गुडघ्यावर बसले आणि आमच्या भाषेत सगळं सांगितलं. नंतर तेच बिर्थेला तिला कळेल अशा भाषेत सांगितलं.

सासूला शेवटच्या दोन वर्षांत काही आठवत नसे. नवऱ्याची होडी आली का बघायला ती किनाऱ्यावर पळायची, आणि तो जाऊन वीस वर्षं झाली होती. वादळाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना शाळेत जायला सांगितलं. तेरियो होड्या वर ओढायला गेला होता. दोन मुली, कपड्यांचं गाठोडं, तांदूळ, आणि ही दर दहा पावलांवर मागं फिरणारी. मी म्हणाले, आधी मुलींना पोचवते, मग हिला नेते. तिला आत बसवलं आणि बाहेरून कडी घातली, कडीत खिळा अडकवला. ती आतून म्हणाली, "अब्रिही." मी म्हणाले, "आले मी, आई." शाळेत पोचले आणि वारा सुटला. दारावर माणसं उभी होती, ती कुणालाच बाहेर सोडेनात. उशिरा तेरियो भिजून आला आणि त्यानं विचारलं, आई कुठं आहे? तो परत धावला असता. दोन मुली माझ्या मांडीवर होत्या. मी म्हणाले, ती माझ्याबरोबर यायला तयारच झाली नाही, पुरिंगच्या नवऱ्यानं तिला दगडी चर्चमध्ये नेलंय. पुरिंगचा नवराही सकाळपर्यंत जगला नाही, त्यामुळे खरंखोटं कुणी विचारलं नाही. हळूहळू गोष्टीतला तेवढा शेवट गळून पडला. तयारच झाली नाही, एवढंच उरलं.

बिर्थे माझ्या शेजारी चिखलात बसली. "माझ्या कमरेला बावीस वर्षं किल्ल्या होत्या," ती म्हणाली. "संध्याकाळी सात वाजता विसराळू म्हाताऱ्यांचा मजला बंद करायचा. ते दार वाजवत राहायचे. आम्ही शेजारच्या खोलीत कॉफी प्यायचो. आग कधी लागली नाही, फोरा. तुझ्यात आणि माझ्यात तेवढाच फरक आहे."

"तेरियोला सांगू?"

"ते मी कसं सांगणार. पण ती दारातून हललेली नाही."

त्याच दुपारी तेरियो होडीच्या फटी बुजवत बसला होता, तिथं जाऊन मी सांगितलं. तो हातातलं काम करत राहिला. ती फट बुजवून झाल्यावर म्हणाला, "मला तिचा राग यायचा, माहीत आहे? इतकी वर्षं. घरासाठी थांबली, माझ्यासाठी आली नाही, म्हणून. पाद्री तिचं नाव घ्यायचे आणि मी आत तिला शिव्या द्यायचो."

त्यानं चटई गुंडाळली आणि खाडीपलीकडे भावाकडे राहायला गेला.

येन्स बिर्थेवर चिडला. भिंती पातळ, शब्द कळले नाहीत तरी सूर कळत होता. सकाळी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "आम्ही झाडं लावायला आलो होतो. तुमचं घर मोडायला नाही. माफ करा." मी त्याला गरम भात वाढला. त्यानं परतीची तारीख अलीकडे आणायचा प्रयत्न केला, पण बिर्थे बधली नाही. उरलेले तीन महिने ती रोज खाली गेली. म्हातारी तिला पुन्हा दिसली नाही.

"बरं झालं ना?" निघायच्या आठवड्यात तिनं विचारलं. "सुटली बहुतेक."

"हो," मी म्हणाले.

खरं सांगितलं असतं तर बिर्थे गेलीच नसती, आणि येन्स आधीच थकला होता. लोला तिका माझ्या स्वयंपाकघरात आली होती. भर दुपारी येते. चुलीशेजारी भिंतीला टेकून बसते, तसेच वाकडे केस. आता काही म्हणत नाही. मी कांदा चिरते, ते बघत राहते. मी तिच्यासमोर भाताची ताटली ठेवते आणि माझं काम करते. संध्याकाळी तो भात कोंबड्यांना घालते.

त्या दोघांच्या निरोपाच्या जेवणाला तेरियो आला. येन्सला त्यानं मिठी मारली, बिर्थेचा हात, मोठ्यांना नमस्कार करतात तसा, आपल्या कपाळाला लावला. पाहुणे गेल्यावर तो गेला नाही. "मुलींना सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सांगितलं. पाद्रींनाही."

"बरं." आणि त्यानं चटई अंथरली.

त्यानं मला माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. निम्म्या शेंगा वाहून गेल्या, निम्म्या जगल्या. आता गुडघाभर झाल्या आहेत. बिर्थे अधूनमधून फोन करते आणि झाडांचे फोटो मागते.

तेरियो मासे विकून आला की आधी मला विचारतो, "आज आली होती?"

"आली होती."

"जेवली?"

"बसली होती थोडा वेळ."

"मला का दिसत नाही ती, फोरा? मुलगा आहे मी तिचा."

मग तो ओहोटीला खाली जातो, रोपं चुकवत पायऱ्यांपाशी उभा राहतो. भरतीचं पाणी कमरेला लागेपर्यंत हलत नाही. कधी कधी थोरलीला पाठवून त्याला हाक मारावी लागते.