राखलेला माळ

रविवारी सकाळी म्हस्कूने नेहमीच्याच क्रमाने कामे उरकली. बैलांपुढे कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या, शेण पाटीत भरून उकिरड्यावर नेले, तांब्याभर पाण्याने चूळ भरली आणि वांग्याच्या वाफ्यांवरून एक फेरी मारली. कालव्याच्या चारीला पाणी बुधवारी सुटणार होते, त्यामुळे तिथे करण्यासारखे काही नव्हते. शेवटी, रोज थांबायचा तसा, तो गव्हाच्या बांधावर थांबला. दीड एकराचा तुकडा. गहू गुडघ्याला टेकू लागला होता आणि दहिवराने अजून ओला होता. सात वर्षांपूर्वी कळपातला आपला वाटा थोरल्या भावाच्या, सिद्धूच्या, हवाली करून म्हस्कू अंथुर्ण्याच्या शिवारात शेती करू लागला होता. मिरची झाली, वांगी झाली, भुईमूग झाला. गहू मात्र यंदा पहिल्यांदाच केला होता. त्याच्या बापाने जन्मभर गहू पाहिला तो दुसऱ्याच्या रानात.

तो घरी परत आला तेव्हा त्याची बायको म्हाळसा शेवटची भाकरी शेकत होती. त्याने धुतलेले धोतर नेसलेले आणि तांबडा पटका नव्याने बांधलेला पाहून ती म्हणाली, "जत्रा मोटारींची, आन् नटलंय कोण!"

म्हस्कू हसला आणि भाकरी घेऊन बसला.

"थोरलं भावजी आज यायचं न्हवं माळावर?"

"आज न्हायतर उद्या. चंपाषष्ठी होऊन पाच दिस झालं."

"मग ह्या शर्यतीचं कळविलंत का त्येंला?"

म्हस्कूने भाकरीचा तुकडा मोडला. "एका दिसाचा तर खेळ. सांच्याला माळ मोकळा."

"म्हंजे न्हाय कळविलं," म्हाळसा म्हणाली आणि तिने तवा खाली उतरवला.

अंथुर्णे आणि कळंब यांच्यामध्ये पसरलेला तो माळ म्हणजे सरकारी पड होती. कागदोपत्री त्यावर कुणाचेही नाव नव्हते. पण पाऊस संपल्यापासून चंपाषष्ठीपर्यंत धनगरवाड्यातला कुणीही त्यावर मेंढरू घालत नसे. त्याला कुंपण नव्हते, राखणदार नव्हता, कुठला लेखी करारही नव्हता. गाभण मेंढ्या चंपाषष्ठीनंतर लवकरच विऊ लागत. त्या दिवसांत त्यांना लांब चालवत नाही, आणि आईच्या पोटात गवत नसेल तर कोकराला दूध मिळत नाही, म्हणून तेवढे गवत राखायचे. कळप तोवर बावड्याकडे, नदीकाठच्या रानांत हिंडत. माळ रिकामा दिसे, तो राखलेला असल्यामुळे.

म्हस्कूला हे माहीत नव्हते असे नाही. तरी दिवाळीनंतर बारामतीत भाजी उतरवून तो पेट्रोलपंपापाशी उभा होता, तेव्हा पुण्याच्या एका मोटार क्लबाचे सेक्रेटरी तिथल्या माणसाला विचारत होते, की जवळपास कुठे सपाट, मोठी, मोकळी जागा मिळेल का. म्हस्कू आपण होऊन पुढे झाला. साहेबांनी त्याला जीपमध्ये, पुढच्या बाजूला, आपल्याशेजारी बसवले. माळावर उतरून, पोटरीएवढ्या गवतात उभे राहून त्यांनी विचारले, "कुणाचा आहे हा?"

"कुणाचा न्हाय, साहेब. सरकारी पड हाय. रिकामाच असतोय."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण माळ मेंढरांसाठी राखलाय, एवढे सांगायला त्याची जीभ रेटली नव्हती. मेंढरांचे नाव काढले, की जीपमध्ये शेजारी बसलेला बागाईतदार पुसला जाऊन घोंगडीवाला उरेल, असे त्याला त्या क्षणी वाटले होते. परवानगी रीतसर मिळाली, १९५५ सालच्या नाताळचा दिवस ठरला, आणि बावड्याकडे सांगावा धाडायचे म्हस्कू आज-उद्या करीत राहिला. सांगायचे तर आपण काय बोललो तेही सांगावे लागले असते.

शेजारच्या मळ्यातला कुंडलिक माळी गाडी जुंपून दारात आला. "चला म्हस्कूराव! यजमानच घरात बसल्यावर पाव्हण्यांनी काय करायचं?"

माळ दिसू लागला तेव्हा म्हस्कूला आधी आनंदच झाला. एवढी माणसे त्याने कधी एका जागी पाहिली नव्हती. फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी मोठे रिंगण आखले होते, त्याभोवती काथ्याचा दोर ताणला होता आणि बांबूंवर पताका फडफडत होत्या. एका बाजूला शामियाना, त्यात खुर्च्या, आणि खांबावर दोन कर्णे. सेक्रेटरींनी त्याला ओळखले, हात धरून पहिल्या रांगेत नेले आणि छातीला निळी फीत टाचली. कुंडलिक दोराबाहेरून ओरडला, "आता बैल झालास रं पोळ्याचा!"

पहिल्यांदा मोटारसायकली सुटल्या. झेंडा खाली आला आणि बारा जणांनी एकदम असा आवाज काढला की म्हस्कूच्या छातीतले हाड थरथरले. वळणावर स्वार जमिनीला कान लावल्यासारखे कलत आणि पुन्हा सरळ होत. मागे धुराचा वास रेंगाळे. म्हस्कूने तो ओळखला. तो एरंडेलाचा होता. "इंजिनाला एरंडेल घालतात, त्याने ते तापत नाही," सेक्रेटरींनी सांगितले. कोकराचे पोट फुगले की त्याची आई तेच तेल बोटाने पाजत असे. हे साहेबांना सांगावे असे त्याला वाटले, आणि त्याने सांगितले नाही.

मग हळू चालवण्याची शर्यत झाली. पाय न टेकता जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो जिंकला, असा उलटा नियम कर्ण्यातून ऐकून लोक पोट धरून हसले. "ही तर आमच्या तलाठ्यानं बी मारली असती," मागून कुणीतरी म्हणाले. जीपगाड्या मातीच्या उंच ढिगाऱ्यावर चढवायच्या होत्या. एक अर्ध्यातून मागे घसरली तेव्हा म्हस्कूने नकळत खुर्चीचा हात घट्ट धरला. दुपार कधी झाली ते त्याला कळले नाही. मनात भाऊ नाही, कळप नाही, सांगावा नाही. काही काळ तो केवळ बघणारा होता आणि त्याला फार बरे वाटत होते.

पाणी प्यायला म्हणून तो शामियान्यातून मागच्या अंगाला आला आणि तिथेच उभा राहिला.

मोटारींनी रिंगणापुरताच माळ खरवडला होता. त्यापलीकडे, थेट ओढ्यापर्यंत, बैलगाड्या उभ्या होत्या. अंथुर्णे, कळंब आणि पार इंदापूरच्या वाटेपर्यंतच्या गावांतून लोक आले होते आणि प्रत्येकाने बैल सोडून मोकळे चरायला घातले होते. जिथे बैल पोचले नव्हते तिथे बायामाणसे वाकून विळ्याने गवत कापत होती. कुंडलिकच्या गाडीत दोन भारे आधीच बांधून पडले होते.

"कुंडलिकराव, ह्ये काय चालवलंया?"

"गवत नेतोय," कुंडलिक भाबडेपणाने म्हणाला. "म्हशीला हुईल. समदीच नेत्यात की. तूच म्हणाला न्हवं, माळ कुणाचा न्हाय म्हून?"

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. म्हस्कूने साहेबांपुढे काढलेले शब्द महिनाभरात गावोगाव फिरले होते, आणि ज्याने त्याने त्यांचा सरळ अर्थ घेतला होता. दोनशे-अडीचशे बैलांना आता कुणी हाकलायचे, आणि कोणत्या तोंडाने? म्हस्कूने एकाला हटकले. तो म्हातारा शांतपणे म्हणाला, "का बाबा? राखलाय का कुणी?" म्हस्कूच्या तोंडून 'व्हय' निघाले नाही.

तेवढ्यात बावड्याच्या बाजूने, आभाळाच्या कडेला, धुळीचा आणखी एक लोट दिसला. तो मोटारींच्या धुळीसारखा उसळत नव्हता. बुटका होता आणि सावकाश येत होता. म्हस्कूने तो लगेच ओळखला. त्याने त्या दिशेने दोन पावले टाकली असतील, तोच कर्ण्यातून त्याचे नाव आले.

त्याला मंचावर जावे लागले. सेक्रेटरींनी झेंडूचा हार घातला, हातात नारळ दिला, आणि भल्या मनाने, एकेक शब्द स्वच्छ उच्चारीत सांगितले, "आजचा हा महोत्सव ज्यांच्यामुळे शक्य झाला ते अंथुर्ण्याचे प्रगतिशील शेतकरी श्रीयुत म्हस्कू बिरदेव! ही जागा मोकळी आहे, कुणाच्याही वापरातली नाही, हे त्यांनीच आपणहून आम्हाला दाखवले." टाळ्या पडल्या. बापाचे नाव माळभर गेले. मंचाच्या उंचीवरून म्हस्कूला गर्दीपलीकडे थांबलेला कळप दिसत होता, आणि कळपापुढे काठीवर हनुवटी टेकून उभा राहिलेला एक माणूस.

तो पोचला तेव्हा सिद्धू तसाच उभा होता. इंजिनांच्या आवाजाने ऐंशी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून गोळा झाल्या होत्या. सिद्धूची बायको, नकोशी, सामान लादलेल्या घोड्याचा लगाम धरून होती. तिच्या घोंगडीच्या घडीत आजच वाटेत जन्मलेले एक कोकरू होते. ते तिचे बोट चोखत होते.

"हार लई शोभतोय, भावजी," ती म्हणाली.

म्हस्कूने हार काढला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"आबाचं नाव ऐकलं म्हून थांबलो," सिद्धू म्हणाला. "म्हटलं, बिरदेव म्हंत्यात, आपल्या आबाचं कायतरी चांगलं सांगत्यात. म्हून कान दिऊन ऐकलं समदं."

"दादा, मी खोटं न्हाय बोललो. कागदावर ह्यो माळ—"

"कागदावर न्हाईच आपला. मी कुठं म्हनतोय?" सिद्धूचा आवाज चढला नव्हता. "पर राखला तर आपुनच व्हता."

म्हस्कूने हातातल्या हाराकडे पाहिले.

"निस्ता सांगावा धाडला असतास, तरी झालं असतं. बावड्याला थांबलो असतो. त्या मळ्यातला गडी म्हनत व्हता, ऱ्हावा आणिक पंधरा दिस, रानाला खत हुईल. मी म्हटलं, न्हाय बाबा, आमचं गवत राखलंय." सिद्धूने एकदा ओढ्यापर्यंत नजर फिरवली. "आता मागारी न्यायच्या तर निम्म्या वाटंतच वितील. तीस-पस्तीस तर आजउद्यावर आल्यात. ह्या कोकराच्या आईला बी पान्हा न्हाय."

"मी कायतरी बघतो, दादा."

"तू जा. खुर्ची हाय तुजी तितं." हे बोलल्यावर सिद्धूलाच ते लागले असावे, तो मेंढ्यांकडे वळला आणि उगाच एकीच्या पाठीवरची कुसळे काढू लागला. "कालव्याच्या कडंनं बसवतो रातच्यापुरत्या. बघू सकाळी."

म्हस्कू शामियान्यात परतला नाही. मागे शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या शर्यतीचा झेंडा पडला. लोक धावत दोराकडे गेले. तो त्यांच्या उलट दिशेने चालत राहिला. वाटेत त्याने छातीची फीत काढली आणि नारळासकट हार एका गाडीच्या साटीत ठेवून दिला. सात वर्षांत आपण भावाला कधी कमी लेखले नाही, असे तो स्वतःला सांगत आला होता. आज त्याला नीट दिसले, की कमी लेखण्यासाठी काही बोलावे लागत नाही. एक गोष्ट बोलली नाही तरी पुरते.

घरी पोचला तेव्हा ऊन कलले होते. म्हाळसा अंगणात मिरच्या निवडत होती. त्याने बसून सगळे सांगितले; जीपमधले शब्दसुद्धा, जे त्याने तिला आजवर सांगितले नव्हते. मग तो गव्हाकडे बघू लागला आणि तिनेही तिकडे पाहिले.

"न्हाय," ती म्हणाली. "लेकरावानी वाढवलाय त्यो मी. खुरपलाय ह्या हातांनी."

"व्हय."

"आठ दिसांत माती करतील. फुडं काय? माळ काय उगवतोय का पाऊस पडंस्तवर?"

"न्हाय उगवत." त्याने तिला समजावण्याचा प्रयत्न केला नाही. गव्हाने माळ भरून येणार नव्हता, आणि झालेले बोलणे मागे घेतले जाणार नव्हते, हे त्यालाही कळत होते. "पर येत्या आठ-धा दिसांतच वितील त्या. तेवढंच निभलं तरी कोकरं उभी ऱ्हातील."

म्हाळसा उठून घरात गेली. म्हस्कू रानाच्या कोपऱ्यावर गेला आणि जिथे गाडीवाट होती तिथल्या बाभळीच्या फांद्या एकेक ओढून बाजूला टाकू लागला. काटे हाताला लागत होते. पुरेशी वाट झाली तेव्हा तो कालव्याकडे निघाला.

सिद्धू मेंढ्या कोंडण्यासाठी जाळी उभी करीत होता. त्याने खुंटीवरचा हात थांबवला.

"दादा, गहू हाय माजा. तितं घालू."

"खुळा का काय? पीक हाय ते."

म्हस्कू कळपात शिरला. कळपातली पुढची मेंढी कोणती, हे सात वर्षांनंतरही त्याला एका नजरेत कळले. त्याने तिच्या मानेखाली हात घातला आणि तो चालू लागला. ती निघाली तशा तिच्यामागे दोन, पाच, मग साऱ्याच निघाल्या. सिद्धूने एकदा हाक मारली, "म्हस्कू!" पण कळप चालू लागला होता, आणि थोड्या वेळाने मागून त्याच्याही पायताणांचा आवाज येऊ लागला.

रानापाशी आले तेव्हा म्हाळसा वांग्याच्या बाजूला हातात काठी घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांना पदर लावल्याची खूण होती. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "हिकडं वांग्यात याची न्हाई एकबी. तेवढं बघा."

मेंढ्या क्षणभर बांधावर अडल्या. इतके हिरवे त्यांनी कधी हाकलले गेल्याशिवाय पाहिले नव्हते. मग पुढची उतरली, तिने मान खाली घातली, आणि सगळ्या रानातून गहू तुटल्याचा बारीक, एकसारखा आवाज येऊ लागला. शेवटचे मेंढरू आत आल्यावर म्हस्कूने फांद्या पुन्हा ओढून वाट बंद केली.