वाचून शिका, सर

चिंतामणी सरांना मायाने दारातच ओळखलं. त्यांनी तिला ओळखलं नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, एका जीन्सच्या कारखान्याच्या माडीवर दोन हजार आठ साली इंटरनेटवरून कॉम्प्युटर शिकवायचा क्लास होता. खाली शिलाई मशिनी घरघरायच्या, वर पोरं कीबोर्ड बडवायची. माया तिथली मॅडम. कोर्स सगळ्यांना एकच, पण ती तो ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणे लावून द्यायची. कारखान्यातल्या पोरांना हलती चित्रं, बोलघेवड्यांना हेडफोन आणि ऐकायचे धडे, बुजऱ्यांना गुपचूप लिहून उत्तर द्यायची मुभा. "एका मापाची पँट सगळ्यांना बसते का?" असं ती विचारायची, आणि खालच्या कारखान्याचाही मालक असलेल्या शेठला ते लगेच पटायचं.

हे तिला सुचलं चिंतामणी सरांमुळेच. अंबरनाथच्या शाळेत आठवीला सर सगळं तोंडी विचारायचे. मायाला उत्तर यायचं, पण चारचौघांत उभं राहिलं की जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा ती कशीबशी म्हणाली, "सर, लिहून दाखवू?" सर म्हणाले, "मुके, मग तोंड काय जेवायलाच आणलंयस?" वर्ग फिदीफिदी हसला. शाळा कायमची सुटेपर्यंत ती मुकीच राहिली. तिच्या आईला, मोतीबाईला, बाजारात पोरं 'मुकीची आई' म्हणायची.

आता शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली होती, आणि सरांची बढती त्या परीक्षेवाचून अडली होती.

"मॅडम, मला कुणी सांगितलं की पटकन कळतं," सर म्हणाले. "वाचून डोक्यात शिरत नाही बघा."

हेडफोन तिच्या हाताशी होते. तिने ते ड्रॉवरमध्ये टाकले.

"तुम्हाला वाचायचेच धडे लावते, सर."

सर स्क्रीनकडे डोळे ताणून बसायचे. शेजारच्याला काही विचारायला वळले की माया लांबूनच म्हणायची, "बोलायचं नाही, सर. वाचा." चाचणी झाली. क्लासच्या इंटरनेटवरच्या पानावर सगळ्यांचे निकाल लागायचे, तिथे सर नापास. कारखान्यातला दिपेश मोठ्याने म्हणाला, "क्या सर, आपण पास आणि तुम्ही फेल?" पोरं हसली. सरांचे कान लाल झाले. त्या संध्याकाळी मायाला जेवण गोड लागलं.

दुसऱ्यांदाही सर नापास झाले. पोरं गेल्यावर ते तिच्या टेबलापाशी आले.

"मॅडम, तुमचा माझ्यावर काही राग आहे का?"

"मी माया. आठवी ब. मुकी."

सर तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "मी पुष्कळ पोरांना नावं ठेवायचो गं. तुझं नाही आठवत."

मायाच्या अंगाचा भडका उडाला. तिने वर्षानुवर्षं उराशी धरलेली गोष्ट या माणसाच्या खिजगणतीतही नव्हती.

"चुकलो म्हणतो ना," सर म्हणाले. "आत्ता, इथेच."

"तोंडाने नको. उद्या लिहा. क्लासच्या पानावर, सगळ्यांसमोर."

"अगं, या वयात..."

"मी तेव्हा तेरा वर्षांची होते, सर."

दुसऱ्या दिवशी सर भरल्या वर्गात बसले आणि एका बोटाने अक्षरं शोधू लागले. माया त्यांच्या पाठीशी उभी राहिली, मदतीला वाकली नाही. अर्ध्या तासाने सगळ्यांच्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांतली मराठी ओळ उमटली. मायाला मी वर्गात मुकी म्हणालो, माझं चुकलं. कुणी हसलं नाही. दिपेशने मान वळवून मॅडमकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मायाने ड्रॉवर उघडला आणि हेडफोन सरांपुढे ठेवले.

ऐकायचे धडे मिळाल्यावर सर महिन्याभरात पास झाले. पेढे घेऊन आले. "माया, तू शिकवलंस म्हणून," म्हणत त्यांनी डबा पुढे केला.

"मी नाही शिकवलं, सर. मी फक्त अडवलं होतं," माया म्हणाली. तिने डबा दिपेशकडे सरकवला. पोरांनी तो फस्त केला. तिने एकही पेढा तोंडात टाकला नाही, आणि सर जिना उतरेपर्यंत त्यांच्या पाठीवरची नजर काढली नाही.