सातवा दिवा

शशिकलाने तिसऱ्यांदा एंटर दाबलं. पडद्यावर तीच इंग्रजी ओळ आली: सर्व्हर सापडत नाही.

"शशिकलाबाई, सोमवारपासून रेकॉर्ड रूम बघा तुम्ही," मागे उभे असलेले चारुदत्त साहेब म्हणाले. "करंजा बंदरातले बोटवाले बर्फासाठी फोनवर ताटकळतात. सगळ्यांचं उघडतं, तुमचंच कसं अडतं?"

शीतगृहाच्या या पनवेलच्या कचेरीत सतरा वर्षं हाताने नोंदी केल्यावर, पंचेचाळिशीत शशिकला कॉम्प्युटर शिकली होती. रेकॉर्ड रूमला खिडकीसुद्धा नव्हती.

"ताई, बंद करून परत चालू करा बघू." ठाण्याहून आलेली नेटवर्कवाली रूबी पेणकर भिंतीवरच्या स्विचसमोर उभी होती. कचेरीतल्या साऱ्या कॉम्प्युटरांच्या वायरी स्विचच्या त्या चपट्या डब्यात जात होत्या. शशिकलाच्या वायरीवरचा सातवा दिवा नारिंगी लागला. रूबी मनगटावरचं घड्याळ पाहत राहिली. इकडे पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली. बऱ्याच वेळाने दिवा हिरवा झाला.

"आता दाबा."

उघडलं.

"डबा बिघडलाय?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो, फार सावध आहे. खालच्या मजल्यावरच्या अशाच डब्यापर्यंत दोन वायरी आहेत ना, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून? दोन्ही चालू राहिल्या तर निरोप गोल गोल फिरत बसतात, सगळं ठप्प. म्हणून कोणी नवं जोडलं गेलं की हा अर्धं मिनिट बघतो, फेरा तर होत नाही ना. मगच सोडतो."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांनाही थांबवतो. पण त्यांची नवी यंत्रं ढीगभर प्रोग्रॅम उघडत उठायलाच दोन मिनिटं लावतात, तोवर ह्याचं बघून झालेलं असतं. ताईंचं जुनं, दहा सेकंदांत दाराशी हजर."

शशिकलाला हसू आलं. पहाटे चारला उठून, डबे भरून, गव्हाणहून पहिल्या एस.टी.ने येणारी ती. शिपाई कुलूप काढेपर्यंत रोज पायरीवर उभी असायची.

"मग राहा इथेच," साहेब पुटपुटले आणि फोन घ्यायला केबिनमध्ये गेले.

रूबीने दोन-चार आज्ञा टाइप केल्या. "ज्या वायरींवर नुसते कॉम्प्युटर आहेत, तिथे थांबू नको म्हणून सांगितलंय त्याला. आता लगेच उघडेल, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकलाने कॉम्प्युटर चालू केला. घरघर होऊन तो लगेच तयार झाला. पडद्याचं बटण वेगळं होतं. ते तिने मुद्दाम दाबलं नाही; पडदा काळाच राहिला. टेबलाखाली चपला काढून तिने पाय गार फरशीवर टेकवले.

साहेब बर्फाच्या मागणीची चिठ्ठी घेऊन आले. "झालं का सुरू?"

"फेरा बघतोय, साहेब. अर्धं मिनिट."

साहेब चिठ्ठी हातात धरून वाट बघत उभे राहिले. शशिकलाने डोळे मिटले आणि मनात सावकाश मोजायला लागली. साहेबांच्या पाठीमागे, भिंतीवर, सातवा दिवा केव्हाच हिरवा झाला होता.