गुरम्माकाकूंच्या देवळीतला डबा

बाळीवेशीत गुरम्माकाकूंच्या कट्ट्यापुढं भर दुपारी चाळीस-पन्नास माणसं उभी होती, बहुतेक म्हातारीकोतारी, आणि प्रत्येकाच्या हातात रिचार्ज संपलेला फोन. रुद्रप्पा स्वामी कट्ट्यावर बसून एकेक फोन मागायचा. फोन शालीत जायचा, स्वामीचे ओठ हलायचे, मग वरून विभूतीचं बोट ओढून फोन परत. त्यावर भजनाचा व्हिडिओ सुरू झालेला असायचा. लोक हात जोडायचे.

"कृपा अर्धा तासच टिकती बरं का," स्वामी बजावायचा. "हाव धरू नका. उद्या परत या."

"मग आमच्या घरी का लागंना, स्वामी?" चिमाबाईंनी विचारलं.

"घरी श्रद्धा कमी पडती. हितं भिंतीत गुरूंचा वास हाय."

गुरूंचा वास, डोंबलाचा. त्या भिंतीत काय होतं ते मला पक्कं माहीत होतं, कारण ते मीच बसवलं होतं.

मी श्रीशैल. पोटासाठी घरोघर इंटरनेट जोडतो आणि रविवारी शाळांतून बुवाबाजीविरुद्ध भाषणं देतो. काकूंची नात शिवानी बारावीला गेली म्हणून त्यांनी नेट घेतलं. आमच्या कंपनीच्या डब्यातून दोन वायफाय निघतात. एक घरच्यांचं, दुसरं रस्त्यावरच्या कुणाचंही. रोज अर्धा तास फुकट, पुढं पैसे कंपनीला. घर काकूंचं, वीज काकूंची, धंदा कंपनीचा. "गिऱ्हाईकाला हे सांगत बसू नका," साहेब म्हणाले होते. मी नाही सांगितलं. उलट बजावलं, "काकू, हा डबा कधीच बंद करायचा नाही."

काकूंनी ते फारच मनावर घेतलं. प्लग देवळीशेजारी होता, म्हणून डबा देवांजवळ बसला. कधी विझवायचा नाही म्हणजे नंदादीपच की, असं धरून त्या रोज त्याला विभूती लावू लागल्या.

स्वामीला दुसऱ्याच्या फोनमध्ये वायफाय लावता येत होतं, एवढीच त्याची सिद्धी. आता त्याला पुढची खोली मठासाठी लिहून हवी होती. सोमवारी सही ठरली. शिवानी त्याच खोलीत अभ्यास करायची.

शनिवारी तिनं मला गाठलं. "काका, कट्ट्यावर गर्दी झाली की माझं नेट अडकतं. आपलं नेट भिंतीबाहेर जातं का?"

"छे, तसं काही नसतं," मी म्हणालो. नोकरीची भीती वाटली, दुसरं काय. तिनं विश्वास ठेवला आणि गेली. रविवारी एका शाळेत पोरांना 'प्रश्न विचारा' म्हणून सांगताना माझी मलाच लाज वाटली.

सोमवारी कागद मांडला होता. काकूंनी चष्मा लावला, पेन घेतलं. शिवानी गुपचूप आपली पुस्तकं उचलून आत नेत होती. ते मला बघवेना. मी देवळीपाशी गेलो आणि प्लग काढला.

बाहेर सगळे व्हिडिओ थांबले.

"पाखंडी आला. कृपा रुसली," स्वामी म्हणाला.

"मग काढा की रुसवा."

त्यानं शाल ओढली, बराच वेळ पुटपुटला. फोन थंडच. मी प्लग लावला आणि दोन-तीन मिनिटं थांबलो. चिमाबाईंचा फोन त्या दिवशी अजून शालीत गेला नव्हता. त्यांना दुसऱ्या वायफायचं नाव दाखवलं आणि त्यांच्याच बोटानं 'मान्य' दाबायला लावलं.

"लागलं की," चिमाबाई म्हणाल्या. "बिनविभूतीचं."

स्वामी तोवर चपला शोधत होता.

काकूंनी कागद फाडला. मग माझ्याकडं वळल्या. "श्रीशैल, तुला हे कवापासून ठावं होतं?"

"बसवलं त्या दिवसापासून."

"अन् शनिवारी पोरीनं विचारलं तवा?"

"तेव्हाही माहीत होतं, काकू."

त्या देवळीपाशी गेल्या. पदरानं डब्यावरची विभूती पुसत राहिल्या. शिवानीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

ते दुसरं वायफाय मी त्याच दिवशी शिवानीच्या समोर बंद केलं. पण स्वामीचं फावलं ते मी गप्प बसलो म्हणून, हे काही तेवढ्यानं पुसलं जात नाही. म्हणून आता भाषणात एवढंच सांगतो. शाल पांघरलेल्याला प्रश्न विचारा, तसाच गळ्यात ओळखपत्र घालून घरात शिरणाऱ्यालाही विचारा: हा डबा काय करतो आणि कुणासाठी करतो? खरं उत्तर मिळेपर्यंत त्याला चहा विचारू नका.

काकू मला अजून विचारत नाहीत.