निमिषच्या नावावरचे शेरे

बोलून काही उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. पण मनात ठेवून ठेवून आता माझी बॅटरी फुगायची वेळ आलीय. मी एक जुना टॅबलेट. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये, गुरुनाथ आणि सीमा यांच्या घरात माझा जन्म गेला.

कुठल्या कारखान्यात मला जोडलं ते आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचं बारसं कुठे आठवतं? मला आणलं ते त्यांच्या मुलासाठी, निमिषच्या अकराव्या वाढदिवसाला. गुरुनाथने हौसेने माझ्यात स्पेलिंगची पुस्तकं भरली. पोराने ती उघडूनसुद्धा पाहिली नाहीत. त्याला एका ॲपवर सापडली चिनी कादंबरी. तिचं इंग्रजी भाषांतर रोज एक प्रकरण याप्रमाणे यायचं.

काय जग होतं ते! एके दिवशी आभाळ फाटतं, समुद्र आटतो, शहरांच्या जागी जंगलं उगवतात आणि मांजरं बसएवढी होतात. उरलीसुरली माणसं एका भिंतीआड राहतात. ज्यांच्या अंगात नवी शक्ती जागी होते, ती सामर्थ्याची एकेक पायरी वर चढतात. नायक म्हणजे त्या भिंतीवरचा पहारेकरी. शाळेत कोणाशी न बोलणारा निमिष त्याच्यापायी जगभरच्या वाचकांशी बोलायला लागला. पंधराव्या वर्षी भाषांतर करणाऱ्या बाईंनी त्याला आपल्या गटात घेतलं. त्या दिवसभर नोकरी करून घरी आल्यावर प्रकरणाचं भाषांतर करायच्या, निमिष ते तपासायचा. गटाचा नियम एकच होता: चूक दिसली तर आपसात सांगायची, वाचकांसमोर नाही.

पुढे त्याला नवा फोन मिळाला आणि मी खणात गेलो. जाताना माझ्यातून लॉगआउट करावं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

मला बाहेर काढलं गुरुनाथने, वर्षभरानंतर. तेव्हा निमिष शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता आणि घरात त्याचे दोनच शब्द उरले होते, फाइन आणि ओके. एकदा जेवताना तो फोनकडे बघून खदखदून हसला. बापाने विचारलं, काय रे? तर म्हणाला, "यू वोन्ट गेट इट, बाबा."

गुरुनाथला ते फार लागलं. ऑगस्टमध्ये पोरगा पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला शिकायला जाणार होता. सोडायला जाताना नऊ तासांचा ड्राइव्ह. त्याने सीमाला सांगून टाकलं, तोवर मी ती कादंबरी वाचून काढतो, मग बघ आम्ही बापलेक नऊ तास कसे बोलतो ते. सीमा म्हणाली, झेपेल ना तुला?

रोज लंचला ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत मांडीवर पोळीभाजीचा डबा आणि स्टिअरिंगला टेकवलेला मी. पहिली चाळीस प्रकरणं त्याने "काय फालतूपणा आहे यार" म्हणत रेटली. नव्वदाव्या प्रकरणात पहारेकऱ्याचा बाप मेला, तर हा माणूस डबा तसाच ठेवून रडला. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मला त्याचा लळा लागला.

पण गुरुनाथ पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. जित्याची खोड! प्रत्येक परिच्छेदाखाली वाचकांना लिहायला चौकट असते. ती आपल्या खासगी टिपणांसाठीच आहे असं त्याने गृहीत धरलं. "प्रकरण २११ मध्ये डावा हात तुटला. प्रकरण २३० मध्ये दोन्ही हातांनी धनुष्य. सिव्हिअरिटी हाय, म्हणजे चूक गंभीर." "भाषांतर निष्काळजी. मागचं न वाचता केलेलं." नऊ आठवड्यांत तीनशेच्या वर शेरे झाले. सगळे जगासमोर, आणि सगळे निमिषच्या नावाने. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाने आपण कोणाच्या नावाने आत शिरलोय तेवढं तपासलं नाही. निमिष नव्या प्रकरणांत गुंतलेला, मागे फिरकायचाच नाही. मी सगळं बघत होतो, पण मला कुठलं आलंय तोंड?

जूनमध्ये कोणीतरी ते शेरे बाईंना दाखवले. गटाचे निरोप अजून माझ्यावरही यायचे, म्हणून मला कळलं. आपला म्हणून जवळ केलेला मुलगा आपल्याला चव्हाट्यावर आणतोय, असंच त्यांना वाटणार. निमिषने परोपरीने सांगितलं, मी लिहिलं नाही. पण खातं त्याचं, नाव त्याचं. कोण ऐकतंय? त्याला गटातून काढलं आणि ते खातंही बंद झालं. माझ्यातलं खातं उघडेना, तेव्हा गुरुनाथला वाटलं, टॅबलेट म्हातारा झालाय, म्हणून बिघडलं असेल. त्याने स्वतःच्या नावाने नवं खातं काढलं आणि वाचन पुढे चालू ठेवलं.

आठ दिवस पोरगा खोलीतून धड बाहेर आला नाही. बाप दाराशी उभा राहून विचारायचा, बरं नाही का रे? आतून उत्तर यायचं, फाइन. मग तो सीमाला म्हणायचा, असू दे, ड्राइव्हला सगळं बोलून घेतो.

ऑगस्टमध्ये दोघंच निघाले. मी पुढे, दोघांच्या मध्ये. इंडियाना मागे पडल्यावर गुरुनाथने घसा साफ केला आणि विचारलं, "पहारेकऱ्याचा डावा हात तुटला होता ना रे? मग दोनशे तिसाव्यात धनुष्य कसं धरलं त्याने?"

निमिषने इअरबड काढले. हा शेरा त्याने बाईंच्या तक्रारीत वाचला होता. माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तू हे यावर लिहिलंस?"

"हो. तीनशे तरी काढल्यात चुका. तुलाच दाखवायला."

"दे वेअर माय फ्रेंड्स, बाबा. माय ओन्ली फ्रेंड्स."

गुरुनाथने गाडी रेस्ट एरियात घेतली आणि सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. "मला तुझ्याशी बोलायचं होतं रे, बाकी काही नाही," एवढंच तो म्हणाला. निमिषने इअरबड परत कानात घातले. उरलेला रस्ता तसाच गेला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

घरी परतल्यावर गुरुनाथने बाईंना पत्र लिहिलं, तेही ऑफिसच्याच पद्धतीने: चूक माझी, कारण माझा हलगर्जीपणा, निमिषचा संबंध नाही. बाई भल्या. त्यांनी निमिषला परत घेतलं. ते उत्तर गुरुनाथने मुलाला पाठवलं. त्याने पाहिल्याची खूण आली, पुढे काही नाही. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी न येता तो रूममेटकडे गेला.

आता रोज लंचला नवं प्रकरण येतं. खाली तपासणाऱ्याचं नाव असतं, निमिषचं. गुरुनाथ आधी ते नाव बघतो, मग प्रकरण वाचतो. शेवटी शेऱ्यांच्या त्या चौकटीवर बोट ठेवतो, कीबोर्ड वर येतो, आणि तो मला बाजूच्या सीटवर पालथा घालून ऑफिसात जातो. निमिष, तुझा बाप तुझं प्रत्येक प्रकरण वाचतो. कोणीतरी हे तुला कळवायला हवं. पण मला लिहिता येत नाही, आणि त्याला आता लिहायची भीती वाटते.