रेनींची बट

“तुमचा रंग कुठला?” केलीनं विचारलं, आणि तिच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावता लावता हेझलचा हात थांबला.

केली पहिल्यांदाच आली होती, थेट पश्चिमेकडच्या आल्बर्टाहून, कडेवर तान्ही मुलगी घेऊन. प्रश्न साधाच होता. रेनींच्या कुलसंमेलनात ज्याला त्याला हाच प्रश्न विचारतात. थोरल्या आर्ची रेनीला सहा मुलं, आणि प्रत्येकाच्या वंशाला एक रंग. ऑगस्टातल्या जोडसुट्टीत सगळी मंडळी आपापल्या रंगाचे टी-शर्ट घालून चर्चच्या हिरवळीवर जमतात, हॅम आणि मक्याची कणसं खातात, लाल विरुद्ध निळा अशी रस्सीखेच करतात आणि जेवण झालं की चर्चच्या पायऱ्यांवर एकेका रंगाचा फोटो निघतो. लग्न करून आलेल्या सुना-जावयांना पांढरा. माझा नवरा रॉस निळा, मी पांढरी.

“मी पांढरीच,” हेझल म्हणाली.

“मग तुमचे मिस्टर कुठल्या रंगाचे?”

हेझल पर्डीला मिस्टर नव्हते, कधीच नव्हते. तिला पांढरा टी-शर्ट पहिल्या संमेलनात कुणीतरी ‘घरातल्यासारखीच आहे’ म्हणून देऊन टाकला होता आणि तोच तिला चिकटला. मी मध्ये पडून केलीला लिंबूसरबताच्या टेबलाकडे नेलं. जाता जाता तिनं उन्हासाठी घातलेली बाळाची टोपी काढली, आणि तिथे एकदम गर्दी झाली. बाळाच्या तपकिरी जावळात डाव्या भुवईच्या वर एक पांढरीशुभ्र बट होती.

“रेनींची बट!” म्हणत ग्लेननं बाळाला वर उचललं आणि सगळ्या रंगांना दाखवून आणलं. ग्लेन रेनी म्हणजे थोरल्या पातीचा नातू, सहाव्या लाइनवरच्या, म्हणजे आमच्या शेतरस्त्यावरच्या, मूळ शेताचा मालक आणि संमेलनाच्या कमिटीचा अध्यक्ष. ही बट आर्चीकडून त्याच्या सहाही मुलांना आली होती, नातवंडांत कुणाला आली, कुणाला नाही. ज्याला येते त्याचं आमच्याकडे फार कौतुक होतं.

ते कौतुक चाललं असताना हेझल आत जाऊन कॉफीची भांडी घासत होती. तिचे केस त्र्याहत्तराव्या वर्षीही गडद तपकिरी होते. ते कसे, हे मला माहीत होतं, कारण गेली चाळीस वर्षं ते मीच रंगवत होते. आमच्या घराच्या मागच्या स्वयंपाकघरात मी बायकांचे केस कापते, धुते, रंगवते. हेझल महिन्यातून एकदा यायची, खुर्चीत बसायची आणि डोळे मिटायची. मी ब्रशचा पहिला फटकारा नेहमी डाव्या भुवईच्या वर मारायची. तिथे काय आहे, यावर आम्ही चाळीस वर्षांत कधी बोललो नाही.

बोलायची गरजच नव्हती. सहाव्या लाइनवर सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. हेझलची आई नेली हिला इंग्लंडातल्या अनाथाश्रमानं अकराव्या वर्षी बोटीत बसवून इकडे पाठवलं होतं. तेव्हा अशी पोरं शेतांवर कामाला वाटली जायची. नेली आर्चीच्या वाट्याला आली. विसाव्या वर्षी तिला हेझल झाली. आर्ची तेव्हा चर्चचा पंच होता आणि जेवणाआधीची प्रार्थना एवढी लांबवायचा की शिजवलेलं गार व्हायचं. आर्चीच्या बायकोनं नेलीला घालवलं नाही. एकच अट घातली, पोरीचं डोकं कुणाला दिसता कामा नये. तेव्हापासून नेली दर शरद ऋतूत काळ्या अक्रोडाची हिरवी सालं उकळायची आणि त्या काढ्यानं लेकीची बट रंगवायची. हेझल त्याच घरात वाढली, त्याच टेबलावर वाढपीण म्हणून उभी राहिली. आर्ची वारला तेव्हा चर्चमध्ये ती सगळ्यात मागच्या बाकावर होती, रंगवलेल्या डोक्यानं.

आणि गंमत पाहा, या रेनींना एकत्र आणलं ते याच हेझलनं. ती आधी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, नंतर पोस्टात. संमेलन काढायचं ठरलं तेव्हा कमिटीला दोन रंगांपलीकडे कुणाचा पत्ता नव्हता. आर्चीचा दुसरा मुलगा वॉल्टर बापाशी भांडून पश्चिमेला गेला तो गेलाच. कुणी अमेरिकेत उतरलं, मुलींची लग्नं होऊन आडनावं बदलली. हेझल रोज संध्याकाळी स्वतःच्या फोनवरून अनोळखी घरांना फोन लावायची. नावागावाच्या गोष्टींत लोक चुकतात, विसरतात, म्हणून ती सरळ विचारायची, “तुमच्या घरात कुणाला डाव्या कपाळावर पांढरी बट आहे का हो?” बहुतेक जण वेडी समजून फोन ठेवायचे. पण अधूनमधून पलीकडून कुणीतरी म्हणायचं, “माझ्या वडिलांना होती. तुम्हाला कसं कळलं?” असे तिनं चार पिढ्यांचे रेनी गोळा केले. केलीचं घराणंही तिला तसंच सापडलं होतं.

ऑक्टोबरात चर्चच्या हॉलमध्ये कमिटीची बैठक होती. रॉस निळ्यांचा प्रतिनिधी, मी कॉफी द्यायला. हेझल कधी काही मागायची नाही, म्हणून ती उठून उभी राहिली तेव्हा ग्लेनला वाटलं खिडकी लावायला उठली.

“मला एक पिवळा टी-शर्ट हवाय,” ती म्हणाली.

“का? पांढरा फाटला?”

“नाही. पिवळा अजून कुणी घेतलेला नाही. आर्चीच्या सातव्या लेकराला तो द्या.”

जांभळ्यांची बाई कपातल्या कॉफीत काय पडलंय ते बघत बसली. ग्लेन मात्र हसला. तो कधी आवाज चढवत नाही, तेच त्याचं वाईट आहे. तो म्हणाला, “हेझल, तुझ्याशिवाय संमेलन होत नाही हे मी दर वर्षी माइकवर सांगतो. पण सहा मुलं, सहा रंग. चेहऱ्यांवर जायला लागलो तर अर्धी सहावी लाइन रेनी निघेल.” दोघं-तिघं हसले. “बट असती तर गोष्ट वेगळी. सहाही जणांना होती. तुला आहे?”

ग्लेनच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. त्याची बट आम्ही सगळ्यांनी विश्वासावर धरलेली आहे.

“तिला आहे,” मी म्हणाले. “चाळीस वर्षं मीच ती रंगवतेय.”

“लॉइस, तू पांढरी. पांढऱ्यांना कमिटीत मत नसतं. कॉफी आहे का अजून?”

मी रॉसकडे पाहिलं. निळ्याला मत होतं. रॉसनं खजुराची वडी उचलली आणि तोंडात टाकली. हेझलनं खुर्ची मागे सारली आणि कोट चढवला. “ऑगस्टात दाखवते,” एवढंच म्हणाली. ग्लेन म्हणाला, दाखव, मी स्वतः पिवळा टी-शर्ट घेऊन उभा राहीन.

परत येताना गाडी रॉस चालवत होता. धान्याच्या कोठारापाशी वळताना म्हणाला, “आत्या लागते ती माझी.”

“मग तिथे का नाही तोंड उघडलंस?”

“सोयाबीन उभं आहे अजून. ग्लेनचा हार्वेस्टर गुरुवारी आपल्याकडे येणार आहे.”

मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. पण गुरुवारी हार्वेस्टर आला तेव्हा ग्लेनला जेवण मीच वाढलं. माझा मलाच संताप आला होता, त्याचा उपयोग काय?

हेझल आली ती नेहमीच्याच दिवशी. खुर्चीत बसली आणि म्हणाली, “या वेळी रंग नको. जेवढं कापता येईल तेवढं काप. नवे येऊ देत.”

मी कात्री हातात घेऊन उभी राहिले. मला हॉलमध्येच कळून चुकलं होतं, पण तेव्हा सांगायला तोंड झालं नव्हतं. शेवटी धीर करून म्हणाले, “हेझल, आपलं वय झालंय गं. माझंच डोकं बघ, सगळं पांढरं झालंय.”

“वयाचा पांढरा राखाडी असतो. बट दुधासारखी असते. आई म्हणायची, अंधारातसुद्धा दिसते मेली.” ती पहिल्यांदाच हे बोलत होती, डोळे मिटूनच. “तू काप.”

मी कापले. तो सगळा हिवाळा ती लोकरी टोपीत होती आणि बर्फ वितळल्यावर रुमालात. दुकानात, चर्चमध्ये, कुठेही रुमाल सुटला नाही. लोकांना वाटलं तिला कॅन्सर झालाय. दोघींनी तर सूपसुद्धा नेऊन दिलं. तिनं ते घेतलं आणि खुलासा केला नाही. पोरीसारखी खूश होती ती त्या दिवसांत. नेहमीसारखे फोन लावत होती, नारिंगी पातीतलं एक हरवलेलं घर तिनं मे महिन्यात शोधून काढलं. कुठूनसा पिवळ्या कापडाचा तुकडा आणून मला विचारलं, हा जास्त भडक होईल का? मी म्हणाले, नाही, तुला शोभेल.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी ती आली. टोकांना जुना तपकिरी रंग उरला होता तेवढा छाटायचा होता. रुमाल तिनं स्वतः सोडला आणि मांडीवर घडी करून ठेवला. मी केस धुतले, पुसले, टोकं छाटली. तपकिरी तुकडे फरशीवर पडले. मग ती म्हणाली, “आरसा दे.”

चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे आरसा मागितला नव्हता. तिनं घरी आधी पाहिलंच नसेल, यावर माझा विश्वास नाही. पण एकटीनं पाहणं वेगळं, आणि शेजारी कुणी उभं असताना पाहणं वेगळं. मी हातातला आरसा तिच्यासमोर धरला. ती खिडकीकडे वळली, मान उजवीकडे केली, डावीकडे केली, बोटांनी केस मागे सारले, पुढे आणले. डोकं एकसारखं पांढरं होतं, कपाळापासून मानेपर्यंत. दुधासारखं म्हणा, नाहीतर राखेसारखं.

“कुठे आहे गं?” तिनं विचारलं.

मी कंगव्याचं टोक डाव्या भुवईच्या वर टेकवलं. “इथे. इथेच आहे.”

तिनं बराच वेळ तिथे पाहिलं. “आईनं चांगलं काम केलं,” ती म्हणाली. तिनं आरसा पालथा घातला आणि रुमाल न बांधता घरी गेली. मी फरशी झाडली आणि मग तिथेच बसून रडले. रॉस आत आला, मला पाहून परत बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही अशी माझी खात्री होती. पण सकाळी नावांच्या टेबलामागे ती होती, पांढऱ्या टी-शर्टमध्ये, पांढऱ्या उघड्या डोक्यानं. दर वर्षीसारखी एकेकाला नावानं ओळखत होती, नारिंगी पातीच्या त्या नव्या घरातल्या म्हातारीला हात धरून सावलीत बसवत होती. ग्लेन लाल टी-शर्टमध्ये आला. क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. हॉलमधलं बोलणं त्याच्या ध्यानात होतं, हे मला दिसलं. मग त्याला सुटल्यासारखं झालं आणि तो मोठ्यानं म्हणाला, “अगं हेझल, तू तर नखशिखांत रेनी झालीस की!”

लोक हसले. मायेनंच हसले, असं त्यांना वाटत असणार. हेझलही थोडी हसली आणि तिनं त्याला त्याच्या नावाची चिठ्ठी दिली. रॉस माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं. तो खोकला आणि बर्फाची पेटी उचलून आणायला निघून गेला.

जेवणानंतर फोटो सुरू झाले. लाल, हिरवा, निळा, एकेक पात पायऱ्यांवर चढत होती, उतरत होती. केलीची मुलगी आता चालायला लागली होती. तिची बट वर बांधून तिला सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं. सहावा रंग उतरला. ग्लेननं माइकवर सांगितलं, “आता आमच्या लाडक्या पांढऱ्यांनी या.”

आम्ही चढलो. हेझल माझ्या डाव्या हाताला होती. फोटो काढणाऱ्या मुलीनं आम्हाला जवळ सरकायला सांगितलं, आणि तेवढ्यात तळ्याकडून वारा आला. हेझलचे केस कपाळावर उडाले. माझा हात आपोआप उठला. पाहायची गरज नव्हती, हाताला जागा पाठ होती. मी तेवढीच बट चिमटीत धरून मागे सारली आणि तिच्या कानामागे नीट बसवली. हेझलनं नेहमीच्या सवयीनं डोळे मिटले, आणि फोटो निघाला.