गहू कुठे लागतो?

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी मनातल्या मनात रसिकराज म्हणते. तोंडावर म्हटलं तर तो कौतुक समजेल. आधी त्याला चीज कळायचं, मग कॉफी कळायला लागली. यंदा बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की. सुट्टीच्या दुपारी त्याने ऑफिसातला एक मित्र, समोरच्या फ्लॅटमधले दातांचे डॉक्टर आणि आम्हाला 'टेस्टिंग'ला बोलावलं.

आम्हाला म्हणजे मला आणि बाबांना. बाबांची दारू आईच्या देखत कधी सुटली नाही. ती गेल्यावर सुटली. तेव्हापासून ते माझ्याकडे असतात आणि मी डोळ्यांत तेल घालून त्यांना जपते. फोनवर मी साफ नाही म्हटलं, तर हा हसला. "अहो ताई, ही दारू नव्हे. ही चाखून थुंकायची असते. आणि बाबांना ज्यूस आहे ना!" बाबांना धाकटीला भेटायचं होतं. गेलो.

बाटली त्याने तान्हं बाळ आणावं तशी दोन्ही हातांवर आणली. "थेट पिंपातली. वरून पाण्याचा थेंब नाही. आणि मक्याच्या जोडीला नेहमीचं राय धान्य नाही, गहू! म्हणून इतकी मवाळ."

मवाळ म्हणे! पहिल्याच घोटाला मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा घसा भाजून निघाला. डॉक्टरांनी तेवढं भांड्यात सफाईने थुंकून दाखवलं. रोज दुसऱ्यांना थुंकायला लावतात, कधीतरी उपयोग व्हायचाच.

"गहू कुठे लागतोय?" रसिकराजांनी डोळे मिटून विचारलं.

"जिभेच्या टोकाला?" मित्र म्हणाला.

"छे!"

"दाढेपाशी," डॉक्टर म्हणाले.

"ताई, तुम्हाला?"

"पिठाच्या डब्यात."

धाकटीने मला चिमटा काढला.

मग ड्रॉपरने दोन थेंब पाणी घालून पुन्हा तेच. मग बर्फ घालून. दर खेपेला ग्लास स्वच्छ हवा, नाहीतर म्हणे चव 'गढूळ' होते. आणि प्रत्येक ग्लासात निम्मी तरी उरायचीच. ती संपवायची कोणाची छाती नव्हती.

"आणा, मी विसळून देतो," म्हणत बाबा ज्यूस तिथेच ठेवून ट्रे घेऊन आत गेले. चकाचक ग्लास घेऊन आले, पुन्हा गेले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. जिच्यापायी आमचं घर धुऊन निघालं तिचेच ग्लास हा माणूस मुकाट धुतोय, आणि हा दीडशहाणा सोफ्यावर पाय दुमडून गव्हाचं पुराण लावतोय. सासऱ्याला कामाला लावल्याची जनाची नाही तर मनाची तरी असावी!

"कोणालाच गहू लागला नाही?" शेवटी तो वैतागला. "जिभा आहेत की पायपुसणी?"

"शेवटी लागतो," स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला. "गिळल्यावर. मागून हळूच गोड येतं."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वेळात नळाचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

मी उठून आत गेले. सिंक कोरडं ठाक होतं. बाबा माझ्याकडे पाठ करून शेवटचा ग्लास फडक्याने पुसत होते, पुसतच होते.

बाहेर रसिकराज टाळ्या वाजवत होते. "ऐकलंत? ह्याला म्हणतात जीभ! बाबा, बाहेर या, तुम्हाला एक नीट ओततो."